सावत्र गाणं

वैशाखातली दुपार कलली होती आणि नृसिंह कैऱ्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेत गंगावेशीकडून घरी चालला होता. गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी लग्नाचा मांडव पडला होता. पंगती उठल्या होत्या, उष्ट्या पत्रावळींवर कुत्री हिंडत होती, आणि लिंबाच्या फांदीला बांधलेला कर्णा सकाळपासून सगळ्या पेठेला बळंच गाणी पाजत होता. नृसिंहाला कर्ण्यातलं गाणं सोसत नसे. गाणं हा घरी आलेला पाहुणा, त्याला चार माणसांच्या मधे बसवून ऐकावं, असं झाडावर टांगू नये, असं तो शाळेत बाकीच्या मास्तरांना सांगायचा. म्हणून मान खाली घालून तो मांडवापुढून सटकत होता. तेवढ्यात कर्णा खरखरला, व्हायोलिनचे दोन-चार सूर उन्हात आले आणि एक बाई गाऊ लागली.

उंबऱ्यात पाणी ठेव, येईन मी उशिरानं,
दिव्याला सांगून ठेव, विझू नको वाऱ्यानं.

पाय आधी थांबले, का थांबले ते मागून कळलं. गाणं जुनं, एके काळी पोराटोरांच्या तोंडी असलेलं. पण हा आवाज ते गाजवणाऱ्या नावाजलेल्या बाईंचा नव्हता. हा जरा मातकट होता, कडेनं झिजलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा, आणि दारात उभं राहून आत येऊ का म्हणून विचारणारा. नृसिंहाच्या छातीत काहीतरी हळूच दबा धरून बसलं. ध्रुवपद दुसऱ्यांदा यायचं होतं. आता ती ओळ, आता तो शब्द. आणि शब्दाच्या मधोमध गाणं अडकलं. उशि… उशि… उशि… उशि… मांडवातल्या बायका खिदळल्या. खांबाला टेकून सुपारी कातरणारा एक म्हातारा म्हणाला, "आरं, अजून किती उशीर? नवरी सासरला जायाची येळ झाली की." कुणीतरी आतून सुईला बोट लावलं, खर्रकन आवाज झाला आणि बाई पुढं चालू लागली, काही झालंच नाही अशी. नृसिंह मात्र तिथंच राहिला. या गाण्याच्या तबकड्या गावोगाव गेल्या असतील, पण शब्दाच्या पोटात अशी जखम असलेली तबकडी जगात एकच होती. ती जखम तो अंधारातसुद्धा ओळखू शकला असता, कारण ती त्याच्याच हातची होती.

मांडवाच्या कडेला खुर्चीवर यंत्र मांडून जोतीराम लाऊडस्पीकरवाला बसला होता. गळ्यात रुमाल, मांडीवर तबकड्यांची चवड. नृसिंह जवळ जाऊन उभा राहिला तसं त्यानं नुसती भुवई उडवली.

"ही रेकॉर्ड कुठून आली तुमच्याकडे?"

"का पावणं? नगं होती व्हय वाजवायला? तुमी नवरीकडचं का नवऱ्याकडचं?"

"कुणाकडचाच नाही. याच गल्लीतला. सहज विचारलं."

"हंबीररावांची हाय. शाहूपुरीत गुळाची अडत हाय बगा त्यांची. ट्रंक भरून दिल्या. म्हनलं, आता घरात ठिवून काय त्यांची पूजा करू? लोकांत वाजू देत."

"सगळ्या दिल्या?"

"समद्या की. फोनोबी दिला. आमच्यात पोरं चावी फिरवत बसत्यात त्याची." त्यानं तबकडी उचलून फडक्यानं पुसली. "ही तेवढी हितं अडकतीया. ठावं हाय मला. बोट लावून फुडं ढकलायची."

"बरे आहेत ना ते?"

"कोन, हंबीरराव? न बरं असायला काय झालंय? बैलागत हाईत."

नृसिंहानं हात पुढं केला, तशी जोतीरामानं तबकडी सहज त्याच्या हातात दिली. उन्हानं ती तापली होती. आडव्या रेघांच्या काळ्या पाण्यावर ती एक उभी, पांढरट चीर होती, केसाएवढी. तिच्यावरून बोट फिरवायचं त्याच्या मनात आलं आणि त्यानं ते फिरवलं नाही. तबकडी परत देऊन तो घराकडं वळला, तेव्हा मागं दुसरंच काही ठणाणत होतं. पण डोक्यात ती मघाचीच बाई, अजून त्या अर्ध्या शब्दावर एक पाय टाकून उभी होती. हंबीररावनं तबकड्या देऊन टाकल्या. मेला असता, दुकान बुडालं असतं, तर समजलं असतं. पण धडधाकट माणूस आपली गाणी अशी कुणाच्या तरी लग्नात सोडून देतो, म्हातारं जनावर माळावर सोडून द्यावं तशी? आणि ती तबकडी, तिचा तर तो रुमालानं घाम पुसायचा.

महाद्वार रस्त्यावरच्या एका दुकानात दोघांची पहिली भेट झाली होती. संस्थान विलीन व्हायचं घाटत होतं आणि जो तो तेच बोलत होता, पण त्या दुकानात दोन माणसं गाणं ऐकत उभी होती. एक शाळामास्तर, काळ्या टोपीतला. दुसरा कागलाकडचा, तांबड्या पटक्यातला, मिशीला गुळाचा वास येणारा. तेव्हा एखादं गाणं गाजलं की दुसरी कंपनी तेच गाणं दुसऱ्याच कुणाकडून म्हणवून घ्यायची आणि तबकडीवर एखादं नाव छापायची, ते खरं का खोटं कुणाला ठाऊक. दुकानदारानं दोन्ही पुढं ठेवल्या. नृसिंहाचा हात गेला तो नावाजलेल्या बाईकडं. हंबीरराव म्हणाला होता, "तुमी ती घ्या मास्तर, मी ही घेतो. मग येकमेकाच्या घरी जाऊन आयकू. दोघांस्नी दोनी." एवढ्यावर ओळख झाली, आणि एवढ्यावर रविवार सुरू झाले. मंगळवार पेठेतल्या नृसिंहाच्या माडीवर, दुपारच्या जेवणानंतर, सतरंजी झटकून. नृसिंह मूळ गाणं लावायचा, हंबीरराव त्याची जोड. श्यामला चहा ठेवून दाराशी तांदूळ निवडत बसायची. सख्खं आणि सावत्र ही नावं तिनंच दिली होती. "झालं का सख्खं लेकरू जेवून? मग वाढा आता सावत्राला," असं ती म्हणायची, आणि हंबीरराव आपल्या पिशवीतून, फडक्यात बांधलेल्या भाकरीसारखी तबकडी काढायचा. त्याच्याबरोबर बाभळीचे काटे असायचे, घासून टोक काढलेले. पोलादी सुई तो आपल्या तबकडीला लावू द्यायचा नाही. "लोखंड टोचतंय हो तिला. काटा कसा, गुदगुल्या करतोय." मग फोनोच्या तोंडात काटा बसवून तो असा ऐकायचा, की ऐकताना त्याचं ते थोराड तोंड लहान व्हायचं. मूळ गाण्यापेक्षा जोडीवर त्याचा जीव. का, म्हणून नृसिंहानं एकदा विचारलं, तर म्हणाला, "तिला समदं गाव आयकतंय. हिला आपुन न्हाय आयकायचं तर कुनी?"

नृसिंहाला हे तेव्हा भाबडं वाटायचं. लहानपणी तो दोन वर्षं एका बुवांकडं गाणं शिकायला जात होता. मिसरूड फुटलं तसा गळा गेला आणि कान तेवढा राहिला, आणि त्या कानाला, घर बुडालेल्या सावकारासारखी, दुसऱ्याच्या अंगणात वसुलीला जायची सवय लागली. कुठं सूर उतरला, कुठं शब्द मोडला, कुठं तालाशी दोन अंगुळं फटकून बाई चालली, हे त्याला आधी ऐकू यायचं आणि गाणं मागून. त्यात त्याला मोठेपणाही वाटायचा. वर्गात फळ्यावर चुकीचं उदाहरण लिहून मुलांना चूक शोधायला लावावी, तसा तो हंबीररावला शिकवायचा. पहिल्यांदा हंबीरराव हसण्यावारी न्यायचा. "तुमचा कान म्हंजे चाळन हाय मास्तर, बारीक जाळीची. आमचं आपलं सूप. खडाबी ऱ्हातोय, दानाबी ऱ्हातोय."

मग तो रविवार. उशिराचं गाणं. मूळ बाईंनी ती सबंध ओळ एका दमात घेतली होती, रेशमाचा धागा सुईतून जावा तशी, कुठं गाठ नाही. आणि हंबीररावच्या जोडीतली बाई दुसऱ्या वेळी त्याच ओळीवर आली आणि उशिरानं या शब्दाच्या अगदी मधे तिनं श्वास घेतला. चोरून नाही, लपवून नाही, चांगला ऐकू येईलसा.

"ऐकलंत? शब्द मोडला," नृसिंह म्हणाला. "दमसास नाही बाईला."

हंबीरराव डोळे न उघडता म्हणाला, "मोडला न्हाय. दम लागलाय तिला."

"तेच म्हणतोय मी."

"तसं न्हवं. येईन म्हनतीया ती, उशिरानं येईन. म्हंजे ती वाटंतच हाय की. धावत आलीया, मास्तर. धावत आल्याल्या मानसाला दम लागनारच." मग त्यानं डोळे उघडले आणि जरा लाजून म्हणाला, "आमची आई जात्यावर म्हनती,

थांब थांब जात्या देवा, दम खाऊ दे रं मला,
बंधू चढतो डोंगर, दम लागला तेला.

बगा, भाऊ जोतिबाचा डोंगूर चढतोय आन दम हिला लागलाय, हितं घरात, जात्यापाशी. आन तितं ती खराच दम घेती. तसाच, मधीच. ओवी मोडत न्हाय त्यानं."

दाराशी श्यामलाचा हात सुपात थांबला होता. नृसिंहालाही तेव्हा काहीतरी लागलं होतं, हे आता रस्त्यानं चालताना त्याला स्वच्छ आठवलं. एक क्षण ती जात्यापाशीची बाई दिसली होती, घामानं कपाळाला चिकटलेले केस, वर उचललेला हात. पण तो क्षण त्यानं झटकला. हरल्यासारखं वाटलं असेल, दुसरं काय. तो उठला आणि म्हणाला, थांबा, दाखवतो. त्यानं स्वतःची तबकडी लावून मूळ ओळ ऐकवली, मग घाईघाईनं हंबीररावची चढवली. काटा बसवायचा राहिला, पोलादी सुईच तशी राहिली. सुई उचलून त्यानं नेमकी त्या शब्दावर टेकवली. ऐका. उशि, आणि श्वास. पुन्हा उचलली, पुन्हा टेकवली. ऐका, इथं. पुन्हा. हंबीरराव म्हणत होता, आयकलं की मास्तर, आयकलं. पण नृसिंहाला ते ऐकायचं नव्हतं, कबूल करून घ्यायचं होतं. आणखी एकदा हात खाली आला, घामेजलेला, आणि सुई सरकली. अगदी बारीक आवाज झाला, नखानं रेशीम उसवावं तसा. त्यानंतर बाईला पुढं जाता येईना. उशि… उशि… आपण दाखवत होतो ती चूक आता खरोखरच झाली होती.

हंबीररावनं फोनो थांबवला. तबकडी काढली, रुमालानं पुसली, खिडकीच्या उजेडात धरून बघितली. नृसिंह काहीतरी बोलत होता, नवी आणून देतो, असं काहीसं. हंबीररावनं ती पिशवीत घातली आणि शांतपणे म्हणाला, "चुकतीया खरी."

त्या दोन शब्दांनी नृसिंहाला त्या दिवशी केवढं बरं वाटलं होतं. पटलं म्हणायचं. माणूस घडतोय. पुढच्या रविवारी हंबीरराव आला तो मूळ गाणी घेऊन. त्याच्या पुढच्याही. ऐकता ऐकता मधेच विचारायचा, हितं जरा उतरला न्हवं का? आणि नृसिंह म्हणायचा, अगदी बरोबर. श्यामलाला सावत्र वाढायला काही उरलं नाही, तिनं दाराशी बसणं सोडलं. मग हंबीरराव रविवाराआड येऊ लागला, मग हंगाम आहे म्हणून नाही, मग पाऊस आहे म्हणून नाही. पेठेतल्या हॉटेलांत रेडिओ आले, बसून गाणं ऐकायची माणसांना गरज राहिली नाही. जोतिबाच्या चैत्रात एकदा पायऱ्यांवर गाठ पडली तर गुलालानं माखलेल्या तोंडांनी दोघं ऊसपाण्याबद्दल बोलले. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. झालंच नव्हतं, तर मिटवायचं काय? आज जाऊ, उद्या जाऊ, असं म्हणता म्हणता वर्षं गेली. आणि त्या वर्षांत नृसिंहाच्या कानाला काहीतरी झालं. शेजारच्या रेडिओवर ते मूळ गाणं लागलं, रेशमाचा धागा सुईतून गेला, आणि त्या जागी त्याला काहीतरी कमी पडलं. पुढच्या खेपेला तो वाट बघू लागला. बाई ओळ घ्यायची, आणि त्याचाच श्वास अडायचा, हिच्या छातीत कुणी राहतं की नाही म्हणून. ओळखीच्या चेहऱ्यावरचा तीळ पुसून टाकावा तसं ते निर्दोष गाणं त्याला परकं होऊन बसलं. बेळगावला गेला तेव्हा दुकानं पालथी घातली, सांगलीला विचारलं. ती जोड कुणाकडं नव्हती. मिळाली असती तर काय करणार होता? घेऊन हंबीररावकडं जाणार होता, इतकंच त्याला ठाऊक होतं. जिना चढून, धापा टाकत, म्हणणार होता, ऐकलं मी. तुम्ही म्हणत होता ते आता ऐकू येतं.

घरी श्यामलानं पिशवी पालथी करून एकेक कैरी दाबून बघितली. "भाजीवालीनं काय डोळे बांधून दिल्या काय? अर्ध्या पाडाला आल्यात."

"श्यामला, ती उशिराची रेकॉर्ड आठवते तुला? हंबीररावांची?"

"तुम्ही ओरखडलेली?"

"सुईनं ओरखडली."

"सुई काय पायानं चालत गेली होती?" ती विळीवर बसली. त्याचं तोंड बघून जरा निवली. "काय झालं तिचं?"

त्यानं सांगितलं. मांडव, जोतीराम, ट्रंक. ती कैरी चिरत ऐकत होती, आंबट वास घरभर होत होता. शेवटी म्हणाली, "मग जा की त्यांच्याकडं. शाहूपुरी काय काशी आहे?"

"जाऊन काय बोलू?"

"बोलू नकाच. बोललात की तुम्ही शिकवायला लागता. म्हणावं, रविवारी या, बसू. दडपे पोहे करते म्हणून सांगा मी." मग विळीवरून मान न उचलता म्हणाली, "त्या माणसाइतकं गाणं कुणी ऐकताना मी बघितलं नाही. गाणाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं ऐकायचे."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर नृसिंह शाहूपुरीत गेला. हंगाम सरला होता तरी गुळाचे रवे, ढेपांवर ढेपा, भिंतीला छातीइतके लागले होते आणि त्यांच्यावर माश्यांचा एकसुरी षड्ज लागला होता. हंबीरराव गादीवर बसला होता. पटका जाऊन टोपी आली होती, मिशी पांढरी झाली होती, मांडीशी रेडिओ होता आणि त्यावर बाजारभाव चालले होते.

"आरं तिच्या. मास्तर? वाट चुकलासा व्हय?" तो अर्धा उठला. "या, या, बसा. ह्या अंगाला बसा, तितं चिकटंल धोतर. वैनी बऱ्या हाईत न्हवं? अजून तुमास्नी बोलत्यात का?"

"रोज."

"मग बऱ्या हाईत."

त्यानं अडकित्त्याच्या मुठीनं रव्याचा कपचा उडवला आणि नृसिंहाच्या तळहातावर ठेवला. आवाज मोठा, हसणं मोठं, पूर्वीसारखंच. मनात कुठं अढी नाही, राग नाही. मुलगा साखर कारखान्यात लागला, धाकटीचं ठरतंय, चंदगडाकडं काजूची बाग बघितलीय. नृसिंह हूं हूं करत होता आणि जिभेवर वाक्य जुळवत होता. मी चुकलो होतो. एवढंच. तीन तर शब्द. वर्गात हजारदा मुलांकडून म्हणवून घेतलेले.

"काल लग्नात गाणं ऐकलं," तो म्हणाला. "उशिराचं. जोतीराम लावत होता."

"अडकलं असंल."

"अडकलं." नृसिंहानं गूळ मुठीत धरला. "हंबीरराव, रविवारी याल? बसू पूर्वीसारखं. श्यामला दडपे पोहे करते म्हणालीय."

हंबीररावनं रेडिओचा आवाज बारीक केला.

"खरं सांगू मास्तर? रागवू नगा."

"नाही रागवत."

"आता आयकवत न्हाय." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुमच्याकडं येत न्हवतो तवर मी गाडवागत आयकायचो बगा. समदंच गोड. जात्यावरची आई गोड, तमाशातली बाई गोड, भजनातला बेसूर केरबाबी गोड. तुमी कान दिलासा. मोठं काम केलंसा, मी चार लोकांत सांगतो, मास्तरांनी कान दिला म्हनून. पर तवापास्नं कुनी गायला लागलं की मी टपून बसतोय. आता घसरंल, आता मोडंल. मोडलं की बरं वाटतंय. चूक घावली म्हनून." तो हसला, पण हसू मिशीतच राहिलं. "गेल्या साली आई गेली. शेवटाला अंथरुनात पडून ओवी म्हनत हुती, तोंडातल्या तोंडात. मी उशाशी. आन माझं ध्यान कुटं? हितं उतरली. हितं दम तुटला. आई चाललीया मास्तर, आन मी तिच्या चुका धरतोय. दिवस झालं आन दुसऱ्याच दिशी ट्रंक जोतीरामाच्या गाडीत टाकली."

नृसिंहानं गूळ तोंडात टाकला होता. तो जिभेवर विरघळत होता. बाहेर बैलगाडीची धुरी खाली ठेवल्याचा आवाज झाला, हमाल कुणाला तरी शिव्या देत होता. त्याला हंबीररावचा हात धरावासा वाटला. वाटलं, आता सांगावं, जे इतकी वर्षं पिशवीत बांधून हिंडवलं ते सोडून पुढं ठेवावं.

"ती धावत आली होती," तो म्हणाला.

"कोन?"

"ती. उशिराचं गाणं म्हणणारी. म्हणून तिला दम लागला. तुम्हीच म्हणाला होता. तुमचं खरं होतं."

हंबीररावनं कपाळाला आठी घालून आठवायचा प्रयत्न केला. मग लहान पोरानं काहीतरी वेड्यासारखं विचारावं आणि मोठ्यानं ते गोड मानून घ्यावं, तसा तो हसला. "काय तरीच. मी असं म्हनलो? आडानी बोलनं हो ते. दमसास न्हवता तिला. तुमीच तर दावलासा."

नृसिंह बोलायला गेला. काय बोलणार होता? पुन्हा शिकवणार होता? बसा, असं ऐका, आता तसं ऐकू नका? कान दिला तसा परत मागून घेणार होता? माश्या गुणगुणत होत्या. हंबीररावनं हात लांब करून रेडिओ मोठा केला. बाजारभाव संपून तंबोरा लागला होता आणि कुणीतरी नवीन बाई, नाव पुरतं ऐकू आलं नाही, विलंबितात काहीतरी आळवत होती. आवाज अजून कोवळा होता. एकेक सूर ती असा ठेवत होती, जसं न्हाऊ घातलेलं मूल पाटावर ठेवावं. नृसिंहाच्या खांद्यांवरचं ओझं त्याच्या नकळत उतरलं, त्यानं पाठ गुळाच्या पोत्याला टेकली. किती दिवसांनी असं कुणाच्या शेजारी बसून. डोळ्यांच्या कडेनं त्यानं हंबीररावकडं बघितलं.

हंबीररावचे डोळे बारीक झाले होते. मान एका अंगाला कलली होती, जबडा आवळला होता, बिळापाशी बसलेल्या मांजरासारखा तो अंगभर थांबला होता. बाई वरच्या सुराकडं निघाली, उंबऱ्याशी आल्यासारखी क्षणभर घुटमळली, मग आत गेली.

"हां. बगा, हितं." त्यानं नृसिंहाच्या गुडघ्यावर थाप मारली. "कमी पडली. जराशी. व्हय का न्हाय, मास्तर?"

नृसिंहाला काही कमी पडलेलं ऐकू आलं नव्हतं. पण हंबीरराव त्याच्याकडं बघत होता, पहिल्या बाकावरचं मूल बघतं तसा, आणि आल्यापासून पहिल्यांदा त्या तोंडावर जुन्या रविवारचं काहीतरी उजळलं होतं. दुसरं काही देण्यासारखं त्याच्यापाशी उरलं नव्हतं.

"बरोबर," तो म्हणाला. "अगदी बरोबर धरलंत."

"धरनारच की." हंबीररावनं तक्क्या त्याच्याकडं सरकवला. "आता उटू नगा. अजून लई गायाची हाय ती."

बाई गात राहिली. दोघं तिच्या पुढच्या चुकीची वाट बघत बसले.